संध्याकाळच्या पाळीचे शहाणे आकडे

१

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, सिरॅमिकच्या रिंगांची दोन खोकी कंपनीत परत आली. चिप बनवणाऱ्या यंत्रांत बसणाऱ्या या रिंगा. त्यांच्या जाडीत केसाच्या अंशाइतकाही फरक खपत नाही, आणि ग्राहकाचं म्हणणं होतं की बऱ्याच रिंगांत तो आहे. कंपनीच्या नोंदींत मात्र प्रत्येक रिंगेपुढे 'पास' लिहिलेलं. म्हणजे कुणीतरी चुकीचं मोजलं होतं, नाहीतर मोजलंच नव्हतं. ते कोण, हे मार्टाइनसाहेबांनी दुपारपर्यंत ठरवूनही टाकलं.

"काकू, मला बहुतेक काढणार," सायकल अंगणात टाकून भार्गवी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

न्यूनेन या डच गावातल्या त्या घराच्या वरच्या खोलीत भार्गवी भाड्याने राहायची. घर नीलिमाबाईंचं. आइंडहोव्हनच्या कॉलेजात त्यांनी पंचवीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या आणि निवृत्त झाल्यापासून शिकवायला कुणी नसल्यामुळे शेजारपाजारच्यांना शिकवत असत. मार्चमध्ये सलूनं उघडल्या उघडल्या पहिला नंबर लावून त्यांनी केस मानेपर्यंत कापून घेतले होते. तेव्हापासून बोलणंही जरा जास्तच आखूड झालंय, असं भार्गवीला वाटायचं.

"आधी हात धू. मग सांग."

हात धुऊन भार्गवीने सांगितलं. कोरोनामुळे कंपनीने माणसांच्या दोन तुकड्या केल्या होत्या. एकीने दुसरीचं तोंडही बघायचं नाही. भट्टीतून येणारा माल सरमिसळ करून अर्धा अर्धा वाटायचा. निम्म्या रिंगा सकाळी भार्गवी मोजायची, निम्म्या संध्याकाळची पाळी. यंत्र एकच, जुनाट. त्यावर दिसेल तो आकडा हाताने कॉम्प्युटरवर टाकायचा. संध्याकाळी दोघं होते, रुचिर आणि विम. पण त्या दोघांच्या नोंदी पाळीच्या एकाच नावाखाली पडायच्या.

"साहेब म्हणाले, संध्याकाळचे आकडे बघ कसे एका ओळीत आहेत. तुझे नुसते सैरावैरा. म्हणजे तुझंच मोजणं ढिसाळ."

"यावर तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सॉरी, मी पुन्हा तपासते."

नीलिमाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, आपल्याकडे सॉरी म्हणजे विषय मिटवणं. इथे सॉरी म्हणजे 'केलं मी'. त्याने लिहूनसुद्धा ठेवलं असेल."

लिहून ठेवलंच होतं. मेलमध्ये वाक्य होतं, की भार्गवीने चूक मान्य केली असून तिचा करार पुढे वाढवायचा की नाही ते शुक्रवारी ठरेल. करार महिनाअखेरीला संपत होता. या व्हिसावर नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आणि खोटं मोजणारी म्हणून शिक्का बसला की दुसरी कोण देणार? सांगलीला परत जायचं म्हटलं तर धड विमानंही नव्हती.

"पण तुम्हाला तरी माहितीय ना काकू, मी असं करणार नाही?"

नीलिमाबाईंनी चष्मा चढवला आणि मेलमधले आकडे वाचायला लागल्या.

"मला काही माहीत नाही," त्या म्हणाल्या.

२

भार्गवीचा चेहरा पडला. नीलिमाबाईंना ते दिसलं, वाईटही वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून हिशोब बदलायची त्यांना सवय नव्हती.

"भाडेकरू म्हणून सूट नाही. बस इथे. सरासरी काढ दोघांची."

दोन्ही पाळ्यांचे तीस-तीस आकडे घेतले. सरासरी निघाली जवळजवळ सारखी.

"साहेबाने इतकंच पाहिलं असतं तर दोघंही साधू ठरले असते," नीलिमाबाई म्हणाल्या. "आता विखुरलेपणा. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब, त्याचा वर्ग, त्या वर्गांची सरासरी."

"व्हेरियन्स."

"तेच. आलं?"

भार्गवीने दोनदा गणित केलं. तिचा स्वतःचा विखुरलेपणा बारा. संध्याकाळचा एक.

"आता आपण काय धरून चालायचं? की दोन्ही पाळ्या सारख्याच विखुरतात, दिसतोय तो फरक योगायोगाचा. हे धरणं टिकतं का बघू. मोठ्याला लहानाने भाग."

"बारा."

"एवढ्या आकड्यांत योगायोगाने दोनपर्यंत गेलं तर मी काही म्हणणार नाही. बारा म्हणजे योगायोग नव्हे. माल एक, यंत्र एक, आणि तरी दोन पाळ्यांच्या आकड्यांचा स्वभाव वेगळा. कुठेतरी पाणी मुरतंय."

भार्गवी ताडकन उठली. "म्हणजे संध्याकाळवाल्यांनीच..."

"खाली बस. ही टेस्ट चोर दाखवत नाही. दोन घरांपैकी एका घरात गडबड आहे, एवढंच सांगते. कुठल्या घरात, ते नाही सांगत. साहेब म्हणतो तुझ्या घरात, आणि आत्ता या क्षणी त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही."

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं. नीलिमाबाईंनी तिच्यापुढे चहा सरकवला.

"उद्या कामावर गेलीस की एक रिंग घे. एकच. ती यंत्रावर ठेव, मोज, उचल, परत ठेव, परत मोज. तीस वेळा."

"तीच रिंग? तिची जाडी काय बदलणारे?"

"तेच तर बघायचंय. आणि कुणी विचारलं काय करतेस, तर सॉरी म्हणू नकोस."

३

दुसऱ्या दिवशी नीलिमाबाई बाहेर पडल्या. विम गावातलाच. दुपारी पाळीला जायच्या आधी तो कुत्र्याला घेऊन तळ्याकाठी यायचा, आणि कुत्र्याशी नीलिमाबाईंची जुनी ओळख होती. माणसाशी आता करायची होती. दोघं दीड मीटर अंतर ठेवून चालू लागले. बोलणं डचमधून.

"त्या रिंगांचं ऐकलं का?" नीलिमाबाईंनी सरळच विचारलं. इथे आडवळणाने विचारलं की लोकांना संशय येतो.

"ऐकलं. पोरीवर ढकलतायत, ते बरं नाही," विम म्हणाला. त्याला निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि कुणाची भीड नव्हती. "पण माझ्याकडे बघू नका. मला ती मोजायची खोलीच आवडत नाही. खिडकी एवढीशी, हवा कोंडलेली. मी दिवसाआड मोजतो, एरवी रुचिर. एक आत, दुसरा बाहेर पॅकिंगला."

"या महामारीत तब्येत बरी राहिली ना?"

"माझी राहिली. बायकोला झाला. कोनिंग्सडागला राजाच्या वाढदिवसाचा झेंडा लावला आणि बायकोचं खोकणं ऐकत घरात बसलो. कुत्र्यालासुद्धा शेजारीण फिरवत होती." कुत्रा बदकांकडे ओढत होता. विम त्याच्यामागे गेला.

रुचिरला त्यांनी गुरुवारी सकाळी घरी बोलावलं. निमित्त साधं होतं. गणपतीच्या वेळी त्याने नेलेलं मोठं पातेलं अजून परत आलं नव्हतं. पोरगा तसा गुणी. नाशिकचा, एकटा राहणारा, आरतीला सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवणारा. आज मात्र तो बागेतल्या खुर्चीच्या अगदी टोकाला बसला होता. हवेत ऊब असून डोक्यावर लोकरी टोपी.

"टोपी काढ की. ऊन चांगलंय."

त्याने कचरत काढली. डोक्यावर बोटभरसुद्धा केस नव्हते, नुसते खुंट.

"सलूनं बंद होती ना काकू. घरीच ट्रिमर फिरवला."

"बरं केलंस. आई-बाबा कसे आहेत? नाशिकला फारच पसरलं होतं म्हणे."

"आई बरी आहे," रुचिर म्हणाला आणि चहाचा कप उचलला.

"भार्गवीचं कळलं का तुला?"

कप बशीवर जरा जोरात टेकला. "कळलं. पण तिला नुसती ताकीद देतील, काकू. एवढ्यावरून कुणी काढत नाही."

"काढतायत. उद्या."

 कामाचं कारण सांगून रुचिर लगेच उठला. जाताना पातेलं दिलं आणि टोपी मात्र खुर्चीवर विसरला. नीलिमाबाईंनी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर नेऊन ठेवली. या मुलाच्या बोलण्यात दोन गोष्टी चुकल्या होत्या. एक त्यांना लगेच कळली, दुसरी कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

४

भार्गवी बुधवारचे तीस आकडे घेऊन आली होती, पण गुरुवारी संध्याकाळपर्यंत नीलिमाबाईंनी ते उघडूच दिले नव्हते. आधी माणसं ऐकायची, मग आकडे बघायचे, ही त्यांची पद्धत. नाहीतर माणसांच्या तोंडी आपणच आकडे घालतो.

"काढ आता विखुरलेपणा. एकाच रिंगेचा."

"तीन."

"रिंग तर तीच होती. मग हे तीन कुठून आलं?"

"यंत्रातून," भार्गवी सावकाश म्हणाली. "जुनं आहे ना. ठेवण्यात, उचलण्यात, थंडीवाऱ्यात थोडं हलतं. एकच रिंग मोजली तरी हे यंत्र इतकं हलणारच."

"आणि वेगवेगळ्या रिंगा मोजल्या तर?"

"तर यंत्राचं हलणं अधिक रिंगांमधला खरा फरक. म्हणजे तीनपेक्षा जास्तच. माझं बारा येतं, ते बरोबर आहे. आणि संध्याकाळचं..." ती थांबली. "काकू, एक! वेगवेगळ्या रिंगा मोजून एक?"

"तिनाला एकाने भाग. तीन. दोनच्या पुढे. हाही योगायोग नाही. ज्या यंत्राला एकच रिंग इतकी सारखी मोजता येत नाही, त्याच यंत्रावर संध्याकाळी शेकडो निराळ्या रिंगा त्याहून सारख्या मोजल्या गेल्या? यंत्राहून नीटनेटका माणूस अजून जन्माला यायचाय. ते आकडे यंत्राने दिलेलेच नाहीत. कुणीतरी मनाने टाकलेत."

भार्गवी टेबलावर डोकं ठेवून रडली. तीन दिवसांचं साचलेलं होतं. नीलिमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आता मात्र मनापासून म्हणाल्या, "तू नाहीस. आता मला माहीत आहे." मग तिचं नाक पुसून होईपर्यंत थांबल्या. "पण पाळी दोघांची आहे. मार्चचे आकडे बघता येतील तुला? आणि मे महिन्यातले?"

लॅपटॉपवर ते होते. मार्चमध्ये संध्याकाळचा विखुरलेपणा अकरा, मेमध्ये पुन्हा बारा. अगदी भार्गवीसारखा. शहाण्यासारखे ओळीत बसलेले आकडे फक्त एप्रिलच्या शेवटच्या दोन आठवड्यांचे होते. परत आलेला माल नेमका तेव्हाचाच.

"कोनिंग्सडाग कधी असतो?" नीलिमाबाईंनी विचारलं.

"एप्रिल संपता संपता. का?"

"विमच्या बायकोला तेव्हा कोरोना होता. कुत्र्यालाही शेजारीण फिरवत होती. म्हणजे विम घरात कोंडलेला. त्या दिवसांत संध्याकाळी मोजायला एकटा रुचिर होता."

भार्गवीला पटेना. "रुचिर? तो तर सुटे पैसेसुद्धा मोजून परत करणारा माणूस. तो असं का करेल?"

नीलिमाबाईंनी खुर्चीवरची टोपी उचलली. सलूनं बंद होती, असं तो म्हणाला होता. पण सलूनं मार्चमध्येच उघडली होती, त्यांचे स्वतःचे केस साक्षीला होते. आणि मार्चपासून वाढले असते तर एव्हाना त्याच्या कानावर केस आले असते. डोकं भादरून तीन-चार आठवडेच झाले होते. आणि त्यांनी विचारलं होतं आई-बाबांचं, उत्तर आलं होतं फक्त आईचं.

"भार्गवी," त्या हळूच म्हणाल्या, "मुलगा डोकं कधी भादरतो गं?"

५

रुचिर टोपी न्यायला आला नाही. मग नीलिमाबाईंनीच त्याला फोन करून रात्री पाळी सुटल्यावर बोलावलं. भार्गवीला त्यांनी वर जाऊ दिलं नाही. "तुझ्यावर बेतलंय, तू समोर हवीस." तिघं बागेत अंतर राखून बसली.

"बाबा कधी गेले?" नीलिमाबाईंनी विचारलं.

रुचिरने नकार देण्यासाठी तोंड उघडलं आणि मग मिटलं. 

"कोनिंग्सडागच्या दुसऱ्या दिवशी. सगळीकडे केशरी झेंडे होते," तो म्हणाला. "त्याआधी दहा-बारा दिवस बेड शोधत होतो, काकू. आई एकटी, तिला काही सुचेना. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली रात्र. एका हॉस्पिटलचा फोन लागायचा, तोवर बेड गेलेला असायचा. ऑक्सिजनवाल्याचा फोन, इंजेक्शनवाल्याचा फोन. रिंग यंत्रावर ठेवून आकडा स्थिर होईपर्यंत मिनिट जातं. मला ते मिनिट परवडत नव्हतं. माल तसा बराच असतो नेहमी. वाटलं, चालून जाईल. नेहमीचा आकडा माहीत होता, त्याच्या आसपासचे टाकत गेलो."

"सरासरी अगदी बरोबर ठेवलीस."

"तेवढीच तर बघतात सगळे."

"पण खोटे आकडे टाकणारा माणूस बिचकतो रे. मधल्या आकड्याला चिकटून राहतो, लांब जायला घाबरतो. खरी रिंग कुणाला घाबरत नाही."

"रजा का नाही मागितलीस?" भार्गवी पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज कडक होता.

"व्हिसावर आलोय. घरचं रडगाणं कामावर कशाला न्यायचं? काम टाळायला निमित्त शोधतोय, असं वाटलं असतं."

"अरे, इथे आई-वडील आजारी असले तर रजा मागायचा हक्क असतो," नीलिमाबाई म्हणाल्या. त्यांना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. "उपकार नव्हे, हक्क. एक मेल टाकायचा होतास."

रुचिरने मान वर केली. त्याला ते खरंच माहीत नव्हतं. तो चेहरा नीलिमाबाईंना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला.

"आणि मंगळवारी माझं नाव आलं तेव्हा?" भार्गवी म्हणाली. "तेव्हा तर बेड शोधायचा नव्हता. तेव्हा का गप्प बसलास?"

रुचिरने मान पुन्हा खाली घातली.

"उद्या मीटिंग आहे," नीलिमाबाई म्हणाल्या. "हे हिशोब घेऊन भार्गवी जाणार आहे. तुला दुःख झालंय म्हणून मी तिचा बळी जाऊ देणार नाही. पण तिच्या आधी तू जाऊन बोललास, तर ते तुझं बोलणं असेल. नाहीतर ते आमचं पकडणं होईल."

रुचिर उठला. टोपी घेतली, पण घातली नाही. तो फाटकाबाहेर पडला.

६

शुक्रवारी भार्गवी यायला दुपारचे चार वाजले. नीलिमाबाईंनी तोवर तीनदा ओटा पुसला होता.

"गेला होता," भार्गवी आत येतच म्हणाली. "माझ्या आधी तासभर. सगळं सांगितलं त्याने."

"मग?"

"साहेब आधी खूप भडकले. मग विचारलं, रजा का नाही घेतलीस, मी एका मिनिटात दिली असती. तेव्हा तो रडला म्हणे. कामावरून काढतील का, ते पुढच्या महिन्यात ठरणार. तोवर घरी बसायला सांगितलंय, पगारी."

"आणि तू?"

"करार वाढला. साहेब मला म्हणाले, सॉरी, भार्गवी." ती थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "माझ्या तोंडावर आलं होतं, इट्स ओके सर. मग म्हटलं, माझं सॉरी तुम्ही मेलमध्ये लिहून ठेवलं होतं. ज्यांना ज्यांना तो मेल गेला, त्यांना तुमचंही पाठवा."

"पाठवलं?"

"माझ्यासमोर बसून टाइप केलं."

नीलिमाबाई मोठ्याने हसल्या. कुकरची शिट्टी झाली. भार्गवीने ताटं काढता काढता फडताळातून एक डबा काढला आणि त्यात वरण-भात भरायला लागली. वर तूप वाढलं. नीलिमाबाईंनी डब्याकडे पाहिलं.

"राग गेला वाटतं."

"नाही गेला. तो मला बुडवायला निघाला होता, काकू. मी विसरणार नाही." तिने डब्याचं झाकण लावलं. "पण त्याचे वडील जाऊन तीन आठवडे झाले आणि या अख्ख्या देशात त्याच्याकडे समाचाराला कुणी गेलेलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं."

नीलिमाबाईंनी गॅस बंद केला. सरकारने एका वेळी घरी दोन पाहुण्यांना परवानगी दिली होती. त्यांनी मास्क शोधला, पायात चपला घातल्या आणि भार्गवीच्या हातून डबा घेऊन आपल्या सायकलच्या टोपलीत नीट बसवला.